जाणं वेगळं, राहणं वेगळं: होऊ घातलेले डॉक्टर गावाकडे कधी वळतात?

इंटर्नशिप संपत आली की हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येते. रिक्त पदांची यादी. जिल्हा, तालुका, प्राथमिक आरोग्य केंद्राचं (पीएचसीचं) नाव, बस्स. पण त्या रात्री ती जितक्या बारकाईनं वाचली जाते, तितक्या बारकाईनं साडेचार वर्षांत फार्माकॉलॉजीसुद्धा कुणी वाचलेलं नसतं. एकजण मोबाइलवर अंतरं मोजत बसतो, दुसरी मागच्या बॅचच्या सिनियरला फोन लावते. प्रश्न ठरलेला असतो: "सर, हे पीएचसी हलकं आहे का?"

हलकं म्हणजे जिथं ओपीडी तुरळक, बाळंतपणं जवळपास नाहीत, पोलीस पोस्टमॉर्टेमसाठी रात्री दार वाजवत नाहीत आणि मोबाइलला रेंज आहे. म्हणजे 'नीट-पीजी' या एमडी-एमएसच्या (पीजीच्या) प्रवेश परीक्षेचा अभ्यास करता येईल असं. ज्या केंद्रात महिन्याला तीस-चाळीस बाळंतपणं होतात, म्हणजे जिथं डॉक्टरची खरी गरज आहे, ते यादीत शेवटपर्यंत तसंच पडून राहतं.

मीही त्या रात्री तोच प्रश्न विचारला होता, त्यामुळे इथून पुढे जे लिहितोय ते वरच्या पायरीवर उभं राहून लिहीत नाही. बाँडच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीच्या, एका वर्षात आणि त्यानंतर ज्युनियरांशी बोलताना एक गोष्ट मात्र पक्की कळली. 'आजकालच्या मुलांमध्ये सेवाभाव उरला नाही' हे जे आपण सारखं ऐकतो ते निदानच चुकीचं आहे. सेवाभाव बऱ्याच मुलांमध्ये असतो. गावात जायला तो पुरतोही. गावात राहायला पुरत नाही. जाणं आणि राहणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

आधी थोडं गणित, कारण प्रश्न नेमका कुठे आहे ते बघायला हवं.

सरकारी आरोग्यव्यवस्थेची उतरंड अशी. साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्याच्या वर १,२०,००० ला एक सामुदायिक आरोग्य केंद्र. आपल्याकडे याच पातळीवर ग्रामीण रुग्णालय असतं. डोंगराळ आणि आदिवासी भागात हे आकडे अनुक्रमे ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे खाली येतात. या वरच्या पायरीवर सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन असायला हवेत. केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं ते असं की देशभर या तज्ज्ञांची सुमारे ८० टक्के तूट आहे. पाचपैकी चार खुर्च्या रिकाम्या.

डॉक्टरच कमी आहेत म्हणून असं होतं का? २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या ५१ हजारांच्या आसपास जागा होत्या, २०२३ मध्ये त्या एक लाखाच्या वर गेल्या. दहा वर्षांच्या आत दुप्पट. खुर्च्या मात्र तशाच रिकाम्या. नळाची तोटी मोठी केली म्हणून पाणी चढावर चढत नाही.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. 'डॉक्टर गावात जात नाहीत' असं म्हणताना आपण फक्त एमबीबीएसवाल्यांना मोजतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी दुर्गम पीएचसी आणि आश्रमशाळांच्या तपासणी मोहिमा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले, डॉक्टर ओढत आलेत. त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. हाही लिहीत नाही, पण निदान नोंद असू दे.)

शिक्षा म्हणून गाव

सरकारनं यावर काढलेला सगळ्यात जुना तोडगा म्हणजे बंधपत्र, आमच्या भाषेत बाँड. सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजात कमी फीमध्ये शिकलात, तर एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकार सांगेल तिथे नोकरी करा. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं यातून सुटकेची किंमत १० लाख रुपये होती. 'बाँड केला' म्हणजे नोकरी केली आणि 'बाँड भरला' म्हणजे पैसे भरले, हा फरक आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतो. नियम दर काही वर्षांनी बदलतात, पण तत्त्व तेच. अशा सक्तीच्या सेवेला सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये मान्यता दिली: सरकारच्या पैशावर शिकलात, तर समाजाचं काही देणं लागता.

युक्तिवाद मला पटतो. अडचण निराळीच आहे. माणसाला एखादी गोष्ट 'करावी लागते' म्हटलं की ती 'करावीशी' वाटणं कमी होतं. प्रेरणेचा अभ्यास करणारे डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात की कुठल्याही कामात मन रमायला तीन गोष्टी लागतात: हे मी माझ्या मर्जीनं करतोय, हे मला जमतंय आणि इथली माणसं माझी आहेत. बाँड पहिल्याच गोष्टीवर घाव घालतो. ज्याला कदाचित गावात जायचंच होतं, त्याच्याही हातात दंडाच्या रकमेसकट एक कागद पडतो. मग तोही वर्ष मोजायला लागतो, तुरुंगातला माणूस भिंतीवर रेघा ओढतो तसा.

यात आपल्या भाषेचाही हात आहे. महाराष्ट्रात कुठल्याही खात्याचा साहेब चिडला की काय धमकी देतो? "गडचिरोलीला पाठवीन!" पोलीस असो, मास्तर असो की डॉक्टर, धमकी एकच. जिथे जाणं ही शिक्षा असल्याचं सगळं राज्य रोज घोकतं, तिथे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलानं आनंदानं जावं ही अपेक्षा करणारेही आपणच.

म्हणून बाँडनं खुर्ची भरते, पण बारा महिन्यांपुरती. गावाला दर वर्षी नवा डॉक्टर मिळतो, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आमच्या पीएचसीत एक मधुमेहाच्या आजी यायच्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही कितवे?" मला वाटलं कितवा नंबर लागला होता ते विचारतायत. त्या विचारत होत्या की त्यांच्या आठवणीतला मी कितवा डॉक्टर.

परत येण्याचं दार

सक्तीच्या उलट बाजूला आमिष आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याला पगारापेक्षाही जास्त कशाची भुरळ पडत असेल तर पीजीच्या सीटची. नुसतं एमबीबीएस म्हणजे घरच्यांच्या लेखी अर्धवट शिक्षण. लग्नाच्या बाजारातही पहिला प्रश्न "पुढे काय करणार?" असाच. म्हणून तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं पीजीच्या नियमात सोय केली: दुर्गम भागात सरकारी सेवेचं एक वर्ष केलं तर प्रवेश परीक्षेत मिळालेल्या गुणांवर १० टक्के जादा, जास्तीत जास्त ३० टक्के. म्हणजे तीन वर्षं काढली तर पुरेपूर फायदा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं असंही सांगितलं की सेवेत असलेल्या डॉक्टरांसाठी राज्यांना पीजीत वेगळा कोटा ठेवता येईल.

बाहेरून बघणाऱ्याला हे स्वार्थी वाटतं. मला हा या विषयातला सगळ्यात प्रामाणिक व्यवहार वाटतो. भारतात याचा अभ्यास झाला तेव्हाही असंच दिसलं की नुसता पगार वाढवण्यापेक्षा पुढच्या शिक्षणाची हमी दिली की तरुण डॉक्टर गावातल्या नोकरीकडे जास्त वळतात. यामागची भीती समजून घ्यायला हवी. गावात गेलेल्या पोराला विंचवापेक्षा, एकटेपणापेक्षा जास्त भीती वाटते ती मागे पडण्याची. बॅचमेट एमडी होऊन गाड्या घेत असतात आणि आपण अजून ओआरएसची पाकिटं मोजतोय. गावाकडे जाणारा रस्ता एकेरी नाही, तीन वर्षांनी परतीचं दार उघडणार आहे हे कळलं की माणूस आत पाऊल टाकायला तयार होतो. आतून उघडता न येणाऱ्या खोलीत कोण जाईल?

या गाजराचीही मर्यादा आहेच. सीट मिळाली की तो जातो. आणि कार्डिओलॉजिस्ट होऊन तालुक्याला परत येत नाही, कारण तालुक्याला कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली, नाही.

कोण जातं, यापेक्षा कुठून येतं

जगभरात या प्रश्नावर भरपूर काम झालंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये यावर मार्गदर्शक शिफारसी काढल्या आणि २०२१ मध्ये त्या पुन्हा तपासून मांडल्या. त्यात पुनःपुन्हा एक मुद्दा येतो, आणि तो आपल्या आजीलाही माहीत असतो: गावात वाढलेलं मूल डॉक्टर होऊन गावात जाण्याची शक्यता शहरी मुलापेक्षा बरीच जास्त.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजनं १९७४ पासून एक वेगळा प्रवेशमार्ग ठेवला. खेड्यात वाढलेली आणि परत तिकडेच कुटुंबाचा डॉक्टर म्हणून काम करायची इच्छा असलेली मुलं निवडून घ्यायची. पुढे अनेक वर्षं या मुलांचा माग ठेवला गेला. निष्कर्ष असा निघाला की त्यांना कॉलेजात काय शिकवलं यापेक्षा प्रवेशाच्या वेळी कोणाला निवडलं याचा वाटा मोठा होता.

जपाननं १९७२ मध्ये याहून धीट प्रयोग केला. जिची मेडिकल युनिव्हर्सिटी नावाचं विद्यापीठ काढलं. देशाच्या ४७ प्रांतांनी मिळून ते उभं केलं. प्रत्येक प्रांतातून दर वर्षी दोन-तीन विद्यार्थी निवडायचे, त्यांचा खर्च प्रांतानं उचलायचा, आणि बदल्यात त्यांनी पदवीनंतर साधारण नऊ वर्षं आपल्याच प्रांतात, त्यातली बरीचशी दुर्गम भागात किंवा बेटांवर काढायची. हाही एक प्रकारचा बाँडच. पण दोन फरक आहेत, आणि सगळी गंमत त्या फरकांत आहे. एक, मूल आपल्याच मुलखात परत जातं. दोन, ते आत शिरतं तेव्हाच कशासाठी शिरतंय हे त्याला पक्कं माहीत असतं. आपल्याकडे बाँडचा कागद फी भरण्याच्या रांगेत, झेरॉक्सच्या गठ्ठ्यात सही करून टाकतात.

आता आपल्याकडे प्रवेश कसा होतो ते बघा. एक परीक्षा, एक यादी. गडचिरोलीतल्या आश्रमशाळेत शिकलेली मुलगी आणि लातूरला दोन वर्षं शिकवणी लावलेला मुलगा एकाच पेपरला बसतात. आरक्षणामुळे थोडा तोल राहतो, पण आरक्षण जात बघतं, गाव बघत नाही. जिल्ह्याच्या गावी बंगल्यात वाढलेला उमेदवारही त्याच प्रवर्गात मोडतो. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१ मध्ये दाखवलं की 'नीट' ही देशभराची एकच प्रवेश परीक्षा आल्यापासून तिथल्या ग्रामीण आणि सरकारी शाळांतल्या मुलांचं मेडिकलमधलं प्रमाण घटलं. त्याआधीच, २०२० मध्ये, त्या राज्यानं सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. नीट असावी की नसावी या वादात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की गावात राहू शकेल अशा मुलाला दारातच गाळायचं आणि मग आत आलेल्यांना प्रेरणेची व्याख्यानं द्यायची, याला अर्थ नाही.

२०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा ही नावं त्यात आहेत. कॉलेज जिल्ह्यात आलं, हे चांगलंच. पण त्या कॉलेजातलं मूल कुठल्या जिल्ह्याचं, हा प्रश्न राहतोच.

कॉलेज काय शिकवतं, आणि न बोलता काय शिकवतं

गावातून आलेलं मूलसुद्धा साडेपाच वर्षांत बदलतं. पहिल्या वर्षाला विचारा, "गावात दवाखाना टाकीन" म्हणणारे वर्गात दहा-पंधरा सापडतील. इंटर्नशिपला विचारा, तेच हसतील. मधल्या काळात काय होतं?

अभ्यासक्रमात नसलेला एक अभ्यासक्रम असतो. वॉर्डात राउंड घेताना सर विचारतात, "हा पेशंट कुणी पाठवला?" आणि रेफरल चिठ्ठीवर पीएचसीचा शिक्का दिसला की मिश्कील हसतात. "पीएचसीवाल्यानं काय दिलंय बघा!" त्या हसण्यातून तीस विद्यार्थी एक धडा शिकतात: पीएचसीत जातो तो चुकतो, आणि चुकलेला असतो तोच पीएचसीत जातो. ज्या विषयातून गाव कळायचं तो पीएसएम, म्हणजे जनऔषधवैद्यकशास्त्र, सार्वजनिक आरोग्याचा विषय. त्याची पोस्टिंग म्हणजे सुट्टी, असा सार्वत्रिक समज. ग्रामीण प्रशिक्षण केंद्रात बसनं जायचं, सह्या करायच्या, वडापाव खायचा, परत यायचं. अशा सहलीतून गाव आवडत नाही, गाव कंटाळवाणं आहे एवढंच ठसतं.

याला अपवाद आपल्याच राज्यात आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे नव्या बॅचचा पहिला मुक्काम हॉस्टेलात नव्हे, गांधीजींच्या आश्रमात. खादी, प्रार्थना, श्रमदान. मग बॅचला एक गाव दत्तक, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं. तिथे शिकून गेलेले काहीजण खादीची टिंगल करतात, पण 'आपल्या' कुटुंबातल्या म्हातारीचं नाव अजून सांगतात. बरीच वर्षं तिथे पीजीला प्रवेश हवा तर दोन वर्षांची ग्रामीण सेवा केलेली असावी अशी अटही होती. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगानं कुटुंब दत्तक घेण्याची कल्पना देशभरच्या अभ्यासक्रमात आणली. ती सेवाग्रामसारखी रुजते की वडापावच्या सहलीत जमा होते, हे प्रत्येक कॉलेजात वेगवेगळं घडणार.

रात्री दोनची गोष्ट

आता राहण्याकडे येऊ.

माझ्या बाँडचा दुसरा महिना. तालुक्यापासून चाळीसेक किलोमीटर आत. रात्री दोनला बाळंतपण झालं, बाळ छान रडलं आणि वार पडल्यावर बाईचं रक्त थांबेना. कॉलेजात मी बाळंतपणं केली होती, पण तेव्हा मागे रेसिडेंट उभा असायचा, त्याच्यामागे लेक्चरर, त्यांच्यामागे रक्तपेढी. इथे मागे भिंत होती. इंजेक्शन दिलं, सलाईन जोरात सोडलं आणि माझे हात थिजले. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, पोट चोळा. खालून मी बघते." वीस वर्षांची नोकरी बोलत होती. पोट चोळत राहिलो, गर्भाशय हळूहळू दगडासारखं घट्ट झालं, रक्त ओसरलं. एकशेआठची रुग्णवाहिका आली तोवर त्या बाईनं पाणी मागितलं होतं.

त्या रात्री मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. इथून आत्ताच्या आत्ता पळून जावं. आणि: हे मला आलं पाहिजे.

गावात राहणं ठरतं ते या दोन वाक्यांतलं कुठलं जिंकतं त्यावर. आणि ते त्यागावर ठरत नाही, फार साध्या गोष्टींवर ठरतं. जोडीला दुसरा मेडिकल ऑफिसर (एमओ) आहे का? फोन केला तर जिल्ह्याच्या गावचा स्त्रीरोगतज्ज्ञ उचलतो का, की "पाठवून द्या" म्हणून ठेवतो? औषध संपलं तर महिनाभर मागणीपत्रं लिहायची का? घानातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना काल्पनिक नोकऱ्यांच्या जोड्या दाखवून "यातली कुठली घ्याल?" असं विचारलं गेलं होतं. या पद्धतीत कुणाला थेट 'तुम्हाला सेवा आवडते का' असं विचारत नाहीत, त्यामुळे उत्तरं खरी निघतात. तिथे नुसत्या पगाराच्या जोडीनं, किंबहुना काहीसं पुढेच, निघालं काय? चांगली उपकरणं, आणि पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ. मला नवल वाटलं नाही. माझा पहिला पगार चौथ्या महिन्यात झाला, त्याचा राग दोन दिवसांत गेला. त्या रात्रीचा अहवाल बघून वरून आलेला "आधीच रेफर का नाही केलं?" हा शेरा अजून आठवतो.

'हे मला आलं पाहिजे' ही ओढ किती लांब नेऊ शकते याचं आपल्याकडचं उदाहरण महाडला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणसं, लहान मुलं घामाघूम होत, फुप्फुसात पाणी भरून जात. त्यावर पुस्तकात धड उपचार नव्हता. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून, तासातासाला नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवला आणि हे सगळं हृदयावरच्या ताणामुळे होतंय हे ओळखलं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आली. एमडी करूनही ते त्याच मुलखात परतले. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी, प्राझोसिन, वापरून विंचूदंशातले मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आणता आले. त्यांची गोष्ट आपण 'गोरगरिबांची सेवा' या खात्यात टाकतो. मला ती कुतूहलाची गोष्ट वाटते. महाडला जे दिसत होतं ते मुंबईच्या कुठल्याही प्राध्यापकाला दिसत नव्हतं. गावात डोक्याला गंज चढतो म्हणणाऱ्या ज्युनियरला मी आधी हे सांगतो.

गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेचंही तेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्या हातून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की त्या ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. आज देशभर आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात, त्याच्या मुळाशी हे काम आहे. तरुण डॉक्टर अशा ठिकाणी जातात ते पुण्य गाठीला बांधायला नाही. तिथे काहीतरी शिकायला मिळतं, शिकवणारं कुणी असतं.

सगळ्या गोष्टी जोडप्यांच्या आहेत

आता एक निरीक्षण. नावं आठवा. जामखेडचे रजनीकांत आणि मेबल आरोळे, १९७० पासून. हेमलकशाचे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, १९७३ पासून. शोधग्रामचे बंग. मेळघाटातल्या बैरागडचे रवींद्र आणि स्मिता कोल्हे. महाडचे बावस्कर, त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनीही त्याच कामात. सगळी जोडपी! आणि दोघंही वैद्यकीय पेशातली.

आपण भाषणात या कथा एकेकट्या महामानवाच्या म्हणून सांगतो. खरं तर त्या सांगतात की गावात राहायचं तर घरात दोघांनाही काम हवं. कोल्हे डॉक्टरांनी लग्नासाठी ज्या अटी घातल्या होत्या त्या प्रसिद्धच आहेत: चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत लग्न, महिना चारशे रुपयांत संसार. लोक टाळ्या वाजवतात. मला त्यातून एवढंच दिसतं की त्यांना सगळ्यात अवघड काय जाणार हे आधीच कळलं होतं. मेळघाट नव्हे, जोडीदार.

आजच्या वर्गात निम्म्या मुली आहेत. त्यातली एखादी म्हणते, "मला तीन वर्षं भामरागडला जायचंय." पहिला विरोध घरातून. क्वार्टरला कडी लागते का, रात्री ड्युटीवर सिक्युरिटी गार्ड आहे का, बाथरूमला पाणी आहे का, हे प्रश्न आईबाप विचारतात आणि ते योग्यच आहेत. सेवाभाव भरपूर असलेल्या मुलींची नावं केवळ क्वार्टरच्या दारापायी यादीतून कटताना मी पाहिली आहेत. मुलाचं लग्न झालेलं असेल आणि बायको पुण्यात आयटीत असेल, तर त्याचं वर्ष दर शनिवारी दुपारी संपतं आणि सोमवारी उशिरा सुरू होतं. पोरं झाली की शाळा. इथे कुणाच्या मूल्यांचा प्रश्न नाही, एसटीच्या वेळापत्रकाचा आहे.

जोडीदार नसेल तर टोळी तरी हवी. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला 'जन स्वास्थ्य सहयोग' उभं राहिलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांचा एक गटच तिकडे गेला. सर्जन, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ असे एकत्र. संध्याकाळी पेशंटवर वाद घालायला माणूस, आजारी पडलो तर ड्युटी घेणारा माणूस, सुट्टीवर गेलो तर अपराधी वाटू न देणारा माणूस. 'सर्च'नं २००६ पासून चालवलेल्या 'निर्माण' या तरुणांच्या उपक्रमातूनही असंच होतं. गावात गेलेल्या पोराला 'असा वेडा मी एकटाच नाही' हे कळतं, आणि रात्री अकराला फोन करायला चार नंबर मिळतात.

सरकारी पोस्टिंगमध्ये नेमकं उलटं करतात. एका पीएचसीला एक, तो गेला की दुसरा. मित्र-मैत्रिणींच्या गटाला मिळून एक ग्रामीण रुग्णालय मागता आलं, पती-पत्नीला लागून असलेली केंद्रं मिळाली, तर खर्च जवळपास शून्य आणि फरक बराच पडेल, असं मला वाटतं.

तर, यादी हातात आलेल्या मुलांसाठी दोन गोष्टी. हलकं पीएचसी घेतलंत तर वर्ष अभ्यासात जाईल, आणि तेही अभ्यासापेक्षा चिंतेत जास्त. भारी पीएचसी घ्यायचा विचार असेल तर सिनियरला "डिलिव्हऱ्या किती?" याऐवजी हे विचारा: दुसरा एमओ खरोखर हजर असतो का, साप चावल्यावरचं औषध फ्रीजमध्ये आहे का आणि फ्रीज चालतो का, लॅब टेक्निशियनची जागा भरलेली आहे का, क्वार्टरला पाणी किती वाजता येतं.

आणि जमलं तर सिनियरला विचारूच नका. तो वर्षभरच होता. पीएचसीचा लँडलाइन लागत नाही, पण तिथल्या सिस्टरचा नंबर कुणाकडे तरी असतो. तो मिळवा. संध्याकाळी सहानंतर करा, तेव्हा त्या रजिस्टर भरत बसलेल्या असतात आणि बोलायच्या मूडमध्ये असतात. मी रुजू व्हायच्या आधी केला असता, तर त्यांनी मला सांगितलं असतं की येताना चांगला टॉर्च घेऊन या.